गोटी कुठे जाते?
टेकडीवरच्या जुन्या घरात फरशी बदलण्याची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांनी आयुष्यात कधी थापी हातात धरलेली नाही, पण फरशीवाल्याला चार गोष्टी सुनावण्याचा हक्क ज्यांना सोडवत नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. घर उतारावर असावं, इमारत निदान चाळिशी उलटलेली असावी आणि घरात 'आधीची फरशीच चांगली होती' असं म्हणणारं एक तरी वडीलधारं माणूस असावं. तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर पुढे वाचा. सपाटीवर राहणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. दुसऱ्याच्या घरचा राडा वाचताना आपलं घर फार स्वच्छ वाटतं.

लेखकाची पात्रता एवढीच, की तो पुण्यात तळजईच्या उतारावर १९७४ सालच्या इमारतीत राहतो आणि या पुस्तिकेतली प्रत्येक चूक त्याने स्वतः करून पाहिली आहे. आमची इमारत पुढून तीन मजली आणि मागून दोन मजली आहे. आमचा फ्लॅट रस्त्याकडून पहिल्या मजल्यावर आणि टेकडीकडून तळमजल्यावर. गॅस सिलिंडरवाल्याला हे समजावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणं जीव मुठीत धरून वर सरकलं. पुढे पर्वती-तळजईच्या उतारावर एकेक करून सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. आमचे वडील त्या वर सरकलेल्यांतलेच. पाण्याला भिऊन टेकडीवर आले. टेकडीवरही पाणी असतं, हे समजायला आम्हांला पन्नास पावसाळे लागले.

लागणारं साहित्य

काचेची एक गोटी. तीस फूट पारदर्शक नळी. एक लाटणं. काचेची एक पातळ पट्टी. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी. पेन्सिल. दिवसाला चार वेळचा चहा, माणशी एक कप धरून, शिवाय सल्ला द्यायला येणाऱ्यांसाठी दोन कप जास्त.

थापी, करणी, ओळंबा, गुण्या ही हत्यारं मिस्त्री आणतो. त्यांना हात लावू नये. मी लावला होता.

पायरी पहिली : लाटणं वाजवा

जमिनीवर मांडी घालून बसा आणि लाटण्याच्या टोकाने एकेक फरशी ठोकत जा. ठाक असा भरीव आवाज आला तर फरशी धरलेली आहे. माठासारखा आवाज आला तर तिच्याखाली पोकळी आहे. पोकळ फरशांवर पेन्सिलीने फुली मारा. आमच्या घरात हॉलमध्ये चार फुल्या निघाल्या आणि मागच्या खोलीत एकतीस. त्यानंतर स्वयंपाकघरातून, 'अहो, ते लाटणं धुऊन ठेवा, आणि नको, ते आता तुम्हांलाच राहू दे,' असा आवाज आला. म्हणून साहित्याच्या यादीत लाटणं वेगळं लिहिलं आहे.

पायरी दुसरी : गोटी सोडा

हॉलच्या मधोमध गोटी ठेवा आणि हात काढून घ्या. घरातल्या सगळ्यांना आधी अंदाज सांगायला लावा. आमच्याकडे एकमत झालं होतं, की घर उतारावर आहे, तेव्हा गोटी रस्त्याकडे, गॅलरीच्या दिशेने जाणार. गोटी क्षणभर विचारात पडली, मग वळली आणि पॅसेज ओलांडून थेट मागच्या खोलीत, टेकडीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. आई म्हणाली, "घराला माहेरची ओढ लागलीय."

गोटी फक्त दिशा दाखवते. माप काढायला नळी लागते. पारदर्शक नळीत पाणी भरा, दोन माणसांनी दोन टोकं दोन भिंतींपाशी उभी धरा आणि पाणी थांबेल तिथे पेन्सिलीची खूण करा. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत असतं. आता खुणेपासून फरशीपर्यंतचं अंतर दोन्ही ठिकाणी मोजा. जो फरक येईल तो उतार. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं. आमचं पहिलं माप घर सव्वा फूट कलल्याचं सांगत होतं. बायकोने बॅग भरायला घेतल्यावर बुडबुडा सापडला.

खरं माप असं निघालं : हॉलच्या चौदा फुटांत दोन सूत, मागच्या खोलीच्या दहा फुटांत अकरा सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. बाथरूममध्ये पाणी वाहून जावं म्हणून मिस्त्री फुटाला एक सूत उतार मुद्दाम देतात. म्हणजे आमच्या मागच्या खोलीला कुणीही न मागता मोरीचा उतार मिळाला होता.

पायरी तिसरी : दुकानात जा (ही चूक आहे, पण सगळे करतात)

आजार कळण्याआधी औषधाच्या दुकानात जाऊ नये, हे सर्वांना ठाऊक असतं. फरशीच्या बाबतीत मात्र माणूस नेमका उलटा वागतो. दुकानातल्या थंड हवेत इटलीतल्या गावांची नावं घेतलेल्या दोन फूट बाय दोन फुटांच्या टाइल्स उभ्या असतात आणि त्यांच्यात विक्रेत्याचा चेहरा आपल्या चेहऱ्यापेक्षा चकचकीत दिसतो.

तिथे तुम्हांला तीन गोष्टी सांगितल्या जातील. पहिली, 'जुनी फरशी काढायचीच नाही, वरूनच चिकटवू, एका आठवड्यात काम.' दुसरी, 'मोझॅक आता कोण ठेवतं?' तिसरी, 'मागच्या खोलीला वुडन लूक द्या.'

पहिल्याचं उत्तर : टाइल आणि चिकटवायचा थर मिळून जमीन अर्धा इंच वर येते. मग एकही दार उघडत नाही, सुतार बोलवावा लागतो, आणि गॅलरीचा उंबरठा इतका बुटका होतो की पहिल्या वळवाला पाणी घरात येऊन बसतं. शिवाय खालची फरशी पोकळ असेल, तर वरून नवी लावणं म्हणजे हलणाऱ्या दातावर सोन्याची टोपी.

दुसऱ्याचं उत्तर देण्याआधी घरातली फरशी नीट पाहा. जुन्या घरात पायाखाली काय आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. करडी शहाबादी असेल, तर ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून आलेली आहे. ओट्यावरचा काळा कडप्पा आंध्रातला. नक्षीच्या रंगीत सिमेंट टाइल्स असतील, तर त्या जपूनच ठेवा. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भरात असल्या टाइल्सची कंपनी काढली, आणि ती आजही त्या बनवते. आणि दहा इंची मोझॅक असेल, तर तिच्या वरच्या थरात संगमरवराची खडी आहे. पुन्हा घोटली की ती पुन्हा चमकते. हे वरून चकचकीत केलेल्या टाइलला जमत नाही. फक्त शहाबादी आणि मोझॅक या दोन्हींवर बाथरूमचं ॲसिड ओतू नका. चुनखडीचा दगड काय, संगमरवराची खडी काय, ॲसिड दोन्ही खातं.

तिसऱ्याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

पायरी चौथी : प्लास्टिक चिकटवा

दीड फुटी प्लास्टिकचा चौकोन जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस वाट पाहा. वर 'यावर पाय ठेवू नये' असं लिहा. त्यामुळे नेमका कोणी पाय ठेवला ते कळतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उचला. खालच्या बाजूला दव धरलं असेल, किंवा फरशीचा तेवढा चौकोन काळपट दिसत असेल, तर जमिनीतून ओल वर येते आहे.

आमच्या हॉलमधलं प्लास्टिक कोरडं निघालं. मागच्या खोलीतल्या प्लास्टिकखाली थेंब होते, तेही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, वर पंखा भणभणत असताना. अशा जमिनीवर लॅमिनेटचं लाकूड घातलं, तर त्याच्या आतला दाबलेला भुसा पाणी पिऊन फुगतो आणि कडा पापडासारख्या वळतात. विक्रेत्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, एसी लावा."

पायरी पाचवी : भेग आहे का, आणि ती जिवंत आहे का ते पाहा

हॉल आणि मागच्या खोलीच्या मधल्या पॅसेजमध्ये आमच्याकडे एक भेग होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, फरशांचे सांधे न जुमानता सरळ गेलेली. दर दिवाळीला आम्ही तिच्यात व्हाइट सिमेंट भरत होतो आणि दर गणपतीला ती पुन्हा उघडत होती. या क्रमाचा अर्थ आमच्यापैकी एकानेही लावला नव्हता.

भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, मेलेली आहे. काच तडकली तर खालची जमीन अजून चालते आहे. ही युक्ती जुन्या इंजिनीयर मंडळींची आहे आणि तिला वीज लागत नाही. आमची काच एका पावसाळ्यात तडकली. तारीख होती ९ ऑगस्ट. आई म्हणाली, "आता तरी माणूस बोलवा."

इथे एक गंभीर सूचना. भेग फरशीपुरती नसून भिंतीत, बीममध्ये, कॉलममध्ये चढलेली असेल, तर ही मार्गदर्शिका मिटा आणि स्ट्रक्चरल इंजिनीयरला बोलवा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. पुष्कळ सोसायट्यांत ते होतंही, आणि मग फाइलमध्ये इतकं सुरक्षित राहतं की कुणाच्या नजरेला पडत नाही.

पायरी सहावी : ओझ्याचा हिशोब करा

दहा बाय दहाच्या खोलीतली मोझॅक फरशी आणि तिच्याखालचा दोन इंचांचा थर उखडला, की सव्वा ते दीड टन राडारोडा निघतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात तो तीसेक किलोच भरता येतो, नाहीतर पोतं उचलत नाही. म्हणजे बेचाळीस ते पन्नास पोती. आमच्या इमारतीपासून टेम्पो उभा राहतो तिथपर्यंत बासष्ट पायऱ्या आहेत. बिगाऱ्याने पायऱ्या पाहिल्या, पोती मोजली आणि मोबदल्याचा आकडा नव्याने सांगितला. घासाघीस करू नका. एक पोतं स्वतः उचलून पाच पायऱ्या उतरा, मग बोला.

याच पायरीवर कुणीतरी हळूच सुचवतं, "एवढं खाली कशाला न्यायचं? मागे टेकडी आहे की." या वाक्यापासून सावध राहा. त्याचं काय होतं ते लवकरच येईल.

पायरी सातवी : मिस्त्रीला बोलू द्या

आमचे मिस्त्री मूळचे शहाबादजवळचेच. मराठी बोलताना मधेच कानडी हेल. त्यांनी माझी गोटी, नळी, काच, प्लास्टिक सगळं शांतपणे पाहिलं, एकतीस फुल्या मोजल्या आणि विचारलं, "काका, तुम्ही रिटायर झाला काय?"

त्यांनी मागच्या खोलीतली मधली फुटकी फरशी फोडली आणि तिथून कडेकडे सरकत बाकीच्या मोकळ्या केल्या. फरशी काढताना सुरुवात फुटक्या फरशीपासून करायची, म्हणजे शेजारची चांगली फरशी जगते. चार फरशा निघाल्यावर त्यांनी खालची माती मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. मातीचा लाडू झाला होता.

"मे महिन्यात?" ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पुढच्या खोल्या स्लॅबवर आहेत. मागच्या खोलीखाली स्लॅब नाही. टेकडी कापून जागा केली, जोत्याच्या भिंती उभ्या केल्या आणि मधला चौकोन मातीने भरला. स्लॅब आहे तिथेच आहे, भराव दर पावसाळ्यात भिजतो आणि बसतो. दोघांची गाठ पॅसेजमध्ये, म्हणून भेग पॅसेजमध्ये. "फरशी मी बसवतो," ते म्हणाले, "पण पाणी कुठनं येतं ते आधी बघा. नाहीतर पाच वर्षांनी मलाच बोलवाल. माझं काय, मी येतो."

पायरी आठवी : घराबाहेर पडा

फरशीच्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी घराबाहेर असते, म्हणून ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. इमारतीच्या मागे टेकडी धरून ठेवणारी दगडी भिंत असते. तिच्यात खाली हातभर अंतरावर भोकं ठेवलेली असतात. टेकडीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं आणि भिंतीच्या पायथ्याच्या चरातून वाहून जावं, अशी ती योजना. भोकांतून पाणी गळणं हे त्यांचं काम आहे. ते चुकलेलं काम नाही.

आमच्या भिंतीची सगळी भोकं सिमेंटने बुजवलेली होती. कुणी केलं हे शोधायला मी सेक्रेटरींकडून जुनं मिनिट बुक आणलं. २००३ च्या सभेत ठराव सापडला : मागील भिंतीतून सतत पाणी येत असल्याने भिंतीतील छिद्रे तातडीने बंद करावीत. सूचकाचं नाव होतं. ते आता हयात नाहीत. अनुमोदकाचंही नाव होतं. अनुमोदक अजून हयात आहे आणि ही मार्गदर्शिका लिहीत आहे.

चर तर दिसतच नव्हता. दोन माणसांनी एक दिवस खणल्यावर तो मिळाला. तीस वर्षांत ज्याने ज्याने घरात काम काढलं त्याने त्याने आपला राडारोडा 'मागे टेकडी आहे की' म्हणून तिथे लोटला होता. थरांवरून इमारतीचा इतिहास सांगता आला असता. वर विटांचे तुकडे, मग कुणाचं तरी गुलाबी वॉश बेसिन, मग पांढऱ्या टाइल्स. तळाशी निळ्या फुलांच्या टाइलचे तुकडे होते. मी ते ओळखले. आमच्या मोरीचे होते, १९९१ सालचे. मी ते पोत्यात भरले आणि बासष्ट पायऱ्या उतरून टेम्पोत टाकले. त्या दिवशी बिगाऱ्याने माझ्याकडून चहा घेतला नाही, मला पाजला.

पायरी नववी : आता फरशी बसवा

इथून पुढे काम सोपं आहे, म्हणून थोडक्यात.

भोकं उघडा, चर मोकळा करा, आणि शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. मग खोलीतला ओला भराव काढून मुरूम भरा, तोही सहा-सहा इंचांच्या थराने, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकत. वर दगडाची सोलिंग, जाड प्लास्टिक आणि काँक्रीट. मगच फरशी.

आधी कोरडी मांडणी करून पाहा. दारातून नजर पडते तिथे अख्ख्या फरशा, आणि कापलेल्या पट्ट्या पलंगाखाली. सिमेंटच्या फरशा भिजवून घ्या. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती धरत नाही. तिला चिकटवायचा मसाला वेगळा घ्या. दोन टाइल्समध्ये आणि भिंतीच्या कडेला जागा सोडा. मिस्त्री 'जोडून बसवतो, सांधाच दिसणार नाही' म्हणाले तर नको म्हणा. जागाच नसलेल्या टाइल्स एखाद्या उन्हाळ्यात ताणाने उचलतात आणि भर दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज करतात. बाथरूमची पातळी खोलीच्या खालीच राहू द्या. चोवीस तास कुणाला चालू देऊ नका. हे शेवटचं कलम आमच्या मांजराने मोडलं आणि त्याची चार पावलं पॅसेजच्या सांध्यात कायमची आहेत.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

*जुन्या मोझॅकच्या रंगाची फरशी बाजारात मिळत नाही, काय करावं?* भिंतीलगतचं जुनं कपाट सरकवा. त्याच्याखाली पन्नास वर्षं ऊन आणि पाय न लागलेल्या त्याच फरशा आहेत. त्या काढून मधे लावा आणि कपाटाखाली काहीही घाला. मग सगळी जमीन एकदम घोटून घ्या, म्हणजे जुनं-नवं एक होतं.

*पॉलिशला किती दिवस लागतात?* मिस्त्री दोन सांगतात. भिंतीवरचे पांढरे शिंतोडे पुसायला धरून आठ.

*खालच्या शेजाऱ्यांना सांगावं का?* आधी सांगितलं तर ती विनंती ठरते, नंतर सांगितलं तर खुलासा.

*इतकं सगळं करून जमीन अगदी सपाट होते का?* मागची खोली झाली. हॉलची मोझॅक आम्ही काढली नाही, फक्त चार पोकळ फरशा बदलून घोटून घेतली. तिथे चौदा फुटांत दोन सूत उतार होता तसाच आहे. तो १९७४ च्या मिस्त्रींचा हात आहे, भरावाचा दोष नाही. पॅसेजवरची नवी काच दोन पावसाळे झाले तरी शाबूत आहे. गोटी अजूनही टेकडीकडे जाते, पण पॅसेजमध्ये मांजराच्या पावलात अडकून थांबते.

तेव्हा यंदा फरशीच्या दुकानात जाण्याआधी एकदा इमारतीच्या मागे जाऊन या. बरोबर टॉर्च आणि लोखंडी तार न्या, आणि भिंतीच्या प्रत्येक भोकात तार घालून पाहा. मे संपायच्या आत.